डिसेंबरात कुठे चाललात?

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या कॉलनीतले पक्षी एक अख्खा उन्हाळा तहानलेले राहिले, आणि त्याचं कारण नीलांबरी काकू आहेत, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध रीतसर नोंदवलेली आहे.

त्याचं झालं असं, की इथे घरापुढे गवत असतं, गवतात दगडाचं एक पसरट भांडं असतं आणि भांड्यात पक्ष्यांच्या आंघोळीसाठी पाणी असतं. काकू सकाळी फिरायला निघाल्या की वाटेत दिसेल ते भांडं पायाने कलंडवत जायच्या. कुंड्यांखालच्या बशा, पोरांच्या विसरलेल्या बादल्या, काहीही सुटायचं नाही. शेवटी शेजारच्या मिस्टर कोवाल्स्कींनी कॅमेरा लावला. व्हिडिओत स्पष्ट दिसतं: पंजाबी ड्रेस, खाली बूट, काकू डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि फुटबॉलपटूसारखी लाथ मारतात.

"अँगल चांगला आलाय," गुरुनाथ काका व्हिडिओ पाहून म्हणाले.

"पक्षी आंघोळ करतात म्हणे," काकू म्हणाल्या. "त्यात आंघोळ डासांची पोरं करतात. मी बघितलीयेत."

काका पुण्याचे. जन्मभर मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या डिझाइन करून रिटायर झाले, म्हणून कुठल्याही घरात शिरताना आधी दार हलवून बघतात. काकू गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्त बघण्यात त्यांची नोकरी गेली. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते, मुलांचे नाटकाचे क्लास घेते. काकू हायवेवर गाडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांना कुठे जायचं असलं की मीच ड्रायव्हर. पुढचं सगळं मला माहीत आहे ते त्यामुळे.

लॅबमध्ये दर जानेवारीत काकूंसमोर काही स्लाइड्स यायच्या. लाल पेशीच्या आत एक बारीक जांभळी अंगठी, वर खडा बसवल्यासारखा ठिपका. मलेरिया. अमेरिकेत तो जवळजवळ राहिलेला नाही. येतो तो बहुतेक विमानाने येतो, आणि विमानात तो ज्यांच्या रक्तात बसून येतो ती माणसं बहुधा ख्रिसमसला आईकडे, आजीकडे जाऊन आलेली असतात. घाना, नायजेरिया, लायबेरिया. आठवडाभर ताप अंगावर काढतात, फ्लू असेल म्हणतात आणि मग स्ट्रेचरवर काकूंच्या लॅबपर्यंत पोचतात. सगळेच स्ट्रेचरवरून उठले असं नाही. त्याबद्दल काकू फार बोलत नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, जानेवारीत अंगठ्या मोजण्यापेक्षा नोव्हेंबरात माणसं पकडू. तेव्हापासून कुठलाही आफ्रिकन चेहरा दिसला, मग तो दुकानात असो, बँकेच्या रांगेत असो की दंतवैद्याच्या खुर्चीत, की काकूंचा प्रश्न ठरलेला: "डिसेंबरात कुठे चाललात?"

दंतवैद्याच्या खुर्चीतला माणूस अटलांटाचा निघाला. त्याच्या सात पिढ्या अमेरिकेतल्या. तो तोंडातल्या कापसासकट म्हणाला, "फ्लोरिडा."

"छान," काकू म्हणाल्या. "तिथेही डास असतात."

साउथफील्डला कम्फर्ट ओवुसूचं दुकान आहे. काकू तिथे कच्ची केळी, भेंडी आणि सुरणासारखा दिसणारा एक अजस्र कंद आणायला जातात. कम्फर्ट घानाची, कुमासी शहराची. तिची उंची आणि रुंदी दोन्ही दरवाजाएवढी, आणि बिजागरीही मजबूत, हे काकांचं मत. दोघी इंग्रजीत बोलतात, एक घानाच्या आणि एक वडशाच्या. मी ते मराठीत लिहितेय, पण सूर तोच आहे.

त्या दिवशी काउंटरवर कम्फर्टची नात आमा बसली होती, सहा वर्षांची, पाय हलवत केळ्याचे वेफर्स खात.

"डिसेंबरात कुठे चाललीस?" काकूंनी कम्फर्टला विचारलं.

"तुला कोणी सांगितलं मी चाललेय म्हणून?"

"कोपऱ्यातल्या बॅगांनी."

कम्फर्टने बॅगांकडे फितूर माणसांकडे बघावं तसं बघितलं. "कुमासीला. आईचा ऐंशीवा वाढदिवस आहे. आमाला पहिल्यांदाच नेतेय. तिच्या आईला सुट्टी नाही, ती म्हणाली, मम्मी, तूच बघ सगळं."

"म्हणजे आमाचं काय करायचं ते तू ठरवणार."

"मीच ठरवते. तिच्या आईचं काय करायचं तेही मीच ठरवायचे."

"मग गोळ्या?"

"कसल्या?"

"कम्फर्ट."

"सिस्टर नीला, मी तिथे जन्मले. मलेरिया आम्हाला पडशासारखा यायचा. तिथला डास मला चावायच्या आधी माझ्या आईची तब्येत विचारतो."

"आणि आमा कुठे जन्मली?"

"इथे. पण रक्त माझं आहे."

काकूंनी आमाकडे मोर्चा वळवला. घानाची एक काळी चटणी असते, सुकी मासळी आणि मिरची तेलात परतून केलेली. तिला शिटो म्हणतात. दुकानात तिच्या बरण्या रांगेने लावलेल्या असतात. "आमा, आजीची ही चटणी खातेस तू?"

"नो वे," आमा म्हणाली. "इट्स पॉयझन."

"ऐकलंस?" काकू कम्फर्टला म्हणाल्या. "रक्त तुझं आहे, मग तिखट का नाही उतरलं रक्तात? तिखट सवयीने झेपतं. मलेरियाचंही तसंच. तू लहानपणी पुन्हा पुन्हा आजारी पडलीस, त्यातून जगलीस, म्हणून शरीराला थोडी सवय झाली. ती सवय मोडली की गेली. आणि हिला तर ती झालेलीच नाही. हिच्या रक्ताला तो डास म्हणजे पहिली मिरची आहे."

कम्फर्टने एक कंद उचलून वजनकाट्यावर आदळला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला कळणार नाही. ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या टेबलावर, सगळं घर जमलेलं असताना, मी बाटली उघडून नातीला गोळी देऊ? माझी मावशी म्हणेल, आल्या अमेरिकेच्या मडम. आमची हवा यांना विषारी झाली. आईच्या घरी औषध घेऊन जायचं म्हणजे तिच्या तोंडावर सांगायचं, तुझं घर घाण आहे."

परतीच्या वाटेवर हायवे संपल्यावर काकू म्हणाल्या, "हे मात्र तिचं खरं आहे गं, सावनी."

"मग सोडायचं?"

"सोडते कशाची. चर्चमध्ये गाठते तिला."

घानाच्या मंडळींचं चर्च आहे, तिथल्या पास्टरांना काकूंनी महिनाभर फोन करून भंडावलं होतं. शेवटी त्यांनी रविवारी प्रार्थना संपल्यावर, जेवणाआधी दहा मिनिटं दिली. जेवणाआधीची वेळ ही पास्टरांची युक्ती होती. भुकेली माणसं वक्त्याला लांबू देत नाहीत, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

काकू भंडाऱ्याची करवती काठाची साडी नेसून उभ्या राहिल्या. वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. थंडीत मैदानात मंडप पडतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्या मातीतली बाई स्टेजवर गेली की माइकची गरज नसते. काकूंनी आधी अंगठीची गोष्ट सांगितली. मग स्वतः मादी डास झाल्या, पदराचे पंख केले आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या टकलावर उतरल्या. हॉल हसून लोटपोट झाला. मी मागे उभी राहून त्यांचं टायमिंग शिकत होते.

टकलाचे गृहस्थ उठले. "मॅडम, मी दर दोन वर्षांनी जातो. एकदाही गोळी घेतली नाही. काही झालं नाही."

"सीटबेल्ट न लावता कधी सुखरूप घरी पोचलायत?"

"पुष्कळदा."

"मग आता काढून टाका ना गाडीतून."

टाळ्या पडल्या. काकूंनी तिखटाची उपमाही मांडली, आणि ती इतकी रंगली की त्यांना थांबावंसं वाटेना. तेवढ्यात चौथ्या रांगेत कम्फर्टचा हात वर गेला. डोक्याला पिवळं कापड बांधलं होतं तिने. ती सावकाश उठली.

"सिस्टर नीला, एक प्रश्न. डिसेंबरात तू कुठे चाललीस?"

स्टेजवर माणूस वाक्य विसरला की एक विशिष्ट शांतता पसरते. मला ती लांबूनही ओळखता येते.

"इंडियाला," काकू म्हणाल्या.

"इंडिया मोठा आहे."

"माहेरी. भाच्याचं लग्न आहे."

"तिथे मलेरिया आहे?"

काकूंचा एक गुण असा, की रक्ताच्या बाबतीत त्या खोटं बोलत नाहीत. "जिल्ह्यात आहे."

"रात्री घरात झोपणार ना? जाळीत?"

"एक दिवस नाटकाला जाणार. मैदानात."

"उघड्या मैदानात. रात्रभर." कम्फर्टने हे वाक्य सगळ्या हॉलला वाटलं, प्रसादासारखं. "आणि गोळ्या?"

काकूंनी पदर सारखा केला. "माझी गोष्ट वेगळी आहे. मी तिथे जन्मले—"

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. पास्टर भिंतीला टेकून हसत होते. टकलाचे गृहस्थ शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होते.

कम्फर्ट मात्र हसत नव्हती. तिने जेवणाच्या टेबलावरून एक वाटी आणि चमचा उचलला आणि स्टेजपाशी आली. वाटीत ताजी वाटलेली मिरची होती, केशरी रंगाची, गोल मिरच्यांची. "तूच मला सांगतेस ना, तुमच्या भागात लोक मिरची फळासारखी खातात? पुण्याचा नवरा भाजीत साखर घालतो म्हणून त्याला हसतेस ना? तुझं रक्त तिथलं आहे. खा."

"बाप्पा," काकू मराठीत पुटपुटल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

त्यांनी चमचा भरून तोंडात घातला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. काकूंनी विजयाने मानही हलवली. मग कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी. मग त्यांनी करवती काठाचा बोळा तोंडात कोंबला आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसून राहिल्या.

पास्टर पाण्याचा ग्लास घेऊन धावले. कम्फर्टने त्यांना अडवलं. "पाणी कशाला, पास्टर? सिस्टर तिथलीच आहे."

आमा लगबगीने स्टेजवर चढली आणि आपल्या हातातला अर्धा केक काकूंच्या तोंडात घातला. "आय टोल्ड यू," ती म्हणाली. "पॉयझन."

काकूंना बोलता यायला वेळ लागला. आवाज घोगरा झाला होता. "ठीक आहे. मी घेते. तू घे. आणि आमाला दे."

"तू घेशील ते मला कसं कळणार? तू तिकडे, मी तिकडे."

"रोज फोन करू. व्हिडिओ. गोळी तोंडात टाकायची आणि तोंड उघडून दाखवायचं."

"जीभ वर करून," आमा म्हणाली. तिच्या किंडरगार्टनच्या नर्सबाई तसंच तपासतात म्हणे.

असा तह झाला. त्या दिवशी हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी जेवणाच्या रांगेतच काकूंना आपापल्या तिकिटांच्या तारखा सांगितल्या. त्या मात्र नुसत्या माना हलवत होत्या. जिभेवर केक धरलेला होता.

घरी पोचल्यावर काकांनी दार उघडलं, सवयीने दोनदा हलवलं आणि विचारलं, "कसं झालं भाषण?"

"मला यंदा मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्हालाही."

"मी घेतोच."

"काय घेता?"

"गोळ्या. दर खेपेला घेतो. डॉक्टरांकडून आणतो, विटामिनच्या बाटलीत घालतो."

काकूंनी पर्स खाली ठेवली. "इतकी वर्षं? माझ्या माहेरी? माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर नाही, बाथरूममध्ये. तुला सांगितलं असतं तर तू वडशाच्या सगळ्या गावाला सांगितलं असतंस की पुण्याचे जावई डासाला घाबरतात. तुझ्या भावाने तर लग्नातच विचारलं होतं, जावईबापूंना मच्छरदाणी लागते का."

"मग काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. आणि आठ दिवस तोंडावरून पांघरूण घेऊन झोपलो." काकांनी चष्मा पुसला. "'तुमच्यातल्या घेऊ का' असं विचारणार असशील तर नको विचारूस. ज्याच्या त्याच्या डॉक्टरने लिहून द्यायच्या असतात."

मी चहा न घेता निघाले. काही संसारांत पाहुण्याने थांबू नये अशी वेळ असते.

डॉक्टरांची कामं झाली. आमाच्या डॉक्टरबाईंनी तिचं वजन बघून लहान मुलांच्या गोळ्या लिहून दिल्या: निघायच्या आधीपासून रोज एक, आणि परत आल्यावरही आठवडाभर. तो शेवटचा आठवडाच लोक विसरतात, हे काकूंनी कम्फर्टला इतक्यांदा सांगितलं की तिने काउंटरवर बोट ठेवून शपथ घेतली. राहिला प्रश्न अब्रूचा. घरच्यांसमोर गोळी कशी घ्यायची? दुकानात कंदांच्या पोत्यावर बसून दोघींनी खलबत केलं. मी गिऱ्हाइकांना सुट्टे पैसे देत होते.

"मी सांगेन, माझं व्रत आहे," काकू म्हणाल्या. "रोज एका वेळी फोनसमोर बसायचं, देवाचं नाव घ्यायचं, दुधाबरोबर प्रसाद घ्यायचा. आमच्याकडे व्रताला कोणी कारण विचारत नाही."

"आमच्याकडे प्रार्थनेला कोणी मध्ये बोलत नाही. मी डोळे मिटून सुरू करेन, आमा आमेन म्हणेल आणि गिळेल."

"वा."

"हे खोटं बोलणं झालं, सिस्टर."

"खोटं कशाला? व्रत आहेच ना. फक्त देव कोणता ते सांगायचं नाही."

वडशाला रात्रीच्या जेवणाची वेळ ती कुमासीला दुपारच्या जेवणाची. तेवढी एक गोष्ट आपोआप जुळली.

पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं. प्रत्येकीच्या हकिकतीत दुसरीची फजिती जास्त झालेली आहे, म्हणून मी दोन्हींतलं समान तेवढं घेते.

कुमासीला पहिल्या दुपारी टेबलाभोवती सगळं गोत जमलं होतं. टेबलाच्या टोकाशी ऐंशी वर्षांची आई, शेजारी ती जहाल मावशी. कम्फर्टने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पडद्यावर वडशाचं देवघर, समई आणि देवघराला टेकून बसलेल्या काकू, हातात दुधाचा पेला. कम्फर्टने डोळे मिटले. "हे परमेश्वरा," तिने सुरुवात केली.

"परमेश्वर थांबेल," आई म्हणाली. "पोरीच्या गोळ्या कुठायत?"

कम्फर्टने एक डोळा उघडला.

"मलेरियाच्या. आणल्यास ना? तू तिकीट काढल्यापासून विचारेन म्हणतेय. दवाखान्यातली नर्स मला रविवारी चर्चच्या दारात धरते. म्हणते, आजीबाई, अमेरिकेची नातवंडं येणार, त्यांना विचारा. मागल्या वर्षी त्या आग्येमांगच्या घरी लंडनचा नातू आला, गोळ्या न घेता, आणि सणाचे चार दिवस वॉर्डात. सगळ्या गल्लीचा सण गेला." आईने मावशीकडे बघितलं. मावशीने मान डोलावली.

"तुम्हाला राग नाही येणार?" कम्फर्टने विचारलं.

"कशाचा?"

"की आम्ही आलो आणि... औषध घेऊन आलो."

"तू तीस वर्षांपूर्वी गेलीस," जहाल मावशी म्हणाली. "आम्ही तिथेच थांबलो, असं वाटलं काय तुला? वर जाऊन बघ. तुमच्या पलंगांना मी कालच जाळ्या लावल्यात. औषध लावलेल्या. आणि तुझी गोळी कुठाय?"

हे सगळं काकू पडद्यावर बघत होत्या. इकडे आवाज करून हसता येत नव्हतं, कारण व्रत चालू होतं. त्यांनी डोळे मिटून पटकन गोळी तोंडात टाकली, वर दूध.

"नीला," मागून वहिनी म्हणाली. काकूंची वहिनी, वीणा, वडशाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या हातात काकूंची बाटली होती. "हे कसलं व्रत?"

"नवस आहे."

"बाटलीवर मलेरिया लिहिलंय."

काकूंनी दुधाचा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"चांगलं करून राहिली. लपवते काहून? दर वर्षी अमेरिकेचे पाहुणे येतात, 'आम्ही इथलेच' म्हणतात, नाटकाला रात्रभर उघड्या हातांनी बसतात आणि परत जाऊन आजारी पडतात. नाव खराब होते आमच्या जिल्ह्याचं. इथे आम्ही घरोघर जाळ्या लावून राहिलो, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून राहिलो." वहिनी बाटली देवघरात, गणपतीशेजारी ठेवत म्हणाली, "आणि जावईबापूंना सांग, बाथरूममध्ये नको, बाहेर बसून घ्या. आम्हाला पहिल्या वर्षीपासून माहीत आहे."

काका त्या वेळी दाराची बिजागरी तपासत होते. ते आणखी वाकून तपासू लागले.

इतक्या खटपटीने बेतलेल्या दोन्ही लबाड्या अशा एकाच जेवणाच्या वेळी फुकट गेल्या. पण फोन थांबला नाही, कारण तो आमाने ताब्यात घेतला होता. रोज ठरल्या वेळी पडद्यावर तिचं तोंड यायचं: "टंग अप. लेफ्ट. राइट. ओके, नेक्स्ट." काकू, काका आणि कम्फर्ट रांगेने जिभा दाखवायचे. चार-पाच दिवसांत कुमासीची आई आणि वडशाची वहिनी एकमेकींशी थेट बोलायला लागल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, त्याने काही अडलं नाही. एकीने आपली निळी जाळी दाखवली, दुसरीने आपली गुलाबी. मग बराच वेळ दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलल्या असाव्यात. दोन्हीकडच्या सुना खोलीतून उठून गेल्या, यावरून काकूंनी तसा अंदाज बांधला.

नाटकाला काकू पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून, पायात मोजे घालून, डासांचं मलम चोपडून बसल्या. "नायिका मरताना सगळा मंडप रडत होता," त्या म्हणाल्या, "आणि मला मलमाच्या वासाने शिंका येत होत्या."

जानेवारीच्या सुरुवातीला सगळे परतले. शेवटच्या आठवड्याच्या गोळ्याही झाल्या, जिभाही तपासून झाल्या. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, काकूंचा फोन वाजला. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात तीळ भाजत होते.

"सिस्टर," कम्फर्टचा आवाज लहान झाला होता. "आमाला ताप आहे. एकशे तीन."

काकूंनी गॅस बंद केला. माझ्याकडे बघून गाडीची किल्ली असा हात केला. फोनमध्ये एवढंच म्हणाल्या, "वाट नको बघूस. निघ. दारात पहिलं वाक्य काय बोलायचं?"

"माहीत आहे."

आम्ही पोचलो तेव्हा कम्फर्ट आमाला खांद्यावर घेऊन अर्जंट केअरच्या काउंटरवर उभी होती. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "नाव?"

"आम्ही घानाहून आलोय," कम्फर्ट म्हणाली. "याच महिन्यात. गोळ्या सगळ्या घेतल्यात, तरी मलेरियाचं रक्त तपासा. आज. आत्ता."

"मॅम, आधी नाव—"

"नाव पळून जात नाही."

मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी मासिकं खाली केली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी वाद घातला नाही, रक्त लगेच लॅबला पाठवलं. मग आम्ही तिघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आमा आत झोपली होती. जन्मभर लोकांची रक्तं बघितलेल्या काकू समोरच्या माशांच्या टाकीकडे टक लावून बसल्या होत्या, आणि त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटाभोवती फिरत होता, जिथे अंगठी असते तिथे.

"गोळ्या घेऊनही होतो?" कम्फर्टने विचारलं.

"क्वचित."

"खोटं सांग ना."

"मला येत नाही. व्रताचं बघितलंस ना काय झालं."

कम्फर्ट हसली नाही, पण तिने काकूंचा फिरणारा हात धरून ठेवला. कंद धरते तसा, घट्ट.

डॉक्टर आले. "मलेरिया नाही. लॅबने नीट बघितलंय. स्ट्रेप आहे, घशाचं इन्फेक्शन. औषध देतो, आठवड्यात बरी होईल. हवं तर उद्या रक्त पुन्हा बघू, खात्रीसाठी. सांगितलंत ते फार बरं केलंत. लोक सांगत नाहीत."

काकूंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि उठून माशांच्या टाकीशी गेल्या. टाकीतलं पाणी बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता ही टाकीही कलंडवतात. पण त्या नुसतेच डोळे पुसत होत्या.

आत आमा उठून बसली होती. गाल लाल, डोळे जड. नर्स म्हणाली, "तोंड उघड, घसा बघू."

आमाने तोंड उघडलं, जीभ वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. मग आजीकडे आणि काकूंकडे बोट दाखवलं. "देम टू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

दोघींनी निमूट जिभा दाखवल्या. नर्सनेही कौतुकाने बघितल्या.

कम्फर्टच्या दुकानात आता गल्ल्याशेजारी केशरी मिरचीची वाटी असते, चमच्यासकट. कोणी प्रवासाआधीची खरेदी करायला आला की ती वाटी पुढे सरकवते. "घरी चाललास? खा. रडलास? मग डॉक्टरकडे जा, गोळ्या घे." टकलाच्या गृहस्थांनी चमचाभर मिरची डोळा न मिचकावता खाल्ली आणि ऐटीत विचारलं, "आता?"

"आता तूही जा," कम्फर्ट म्हणाली. "जिभेचा काय भरवसा."

काकूंनी ती पद्धत उचलली नसती तरच नवल. जानेवारीच्या शेवटी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. दारात तिळगुळाची वडी, आणि तिच्या शेजारी वहिनीने पाठवलेल्या वडशाच्या मिरच्यांचा ठेचा. बायका आपल्या नवऱ्यांना, मुलांना घेऊन आल्या होत्या. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव नागपूरचे. हॉलमध्ये शिरतानाच त्यांनी ऐकवलं, की इथल्या उन्हाळी सुट्टीत ते मुलांना घेऊन गावी चाललेत, म्हणजे तिथल्या भर पावसात, आणि त्यांच्या घरात कोणी गोळ्याबिळ्या घेत नाही.

काकांनी त्यांच्यामागे हळूच दार लावून घेतलं. बिजागरीचा आवाजसुद्धा आला नाही.

काकूंनी ठेच्याची वाटी पुढे केली. "तिळगूळ नंतर," त्या म्हणाल्या. "आधी हे घ्या, प्रतापराव. तुम्ही तर तिथलेच."